एक मीटर अठरा, भरतं

पुनूच्या वहीत बाईंनी लाल शाईनं एक गोल केला होता. गोलाच्या आत पुनूचं उत्तर होतं : १ मी ८ सेमी = १८ सेमी. बाजूला बाईंनी लिहिलं होतं, "मधलं शून्य कुठे गेलं?"

"कुठी गेलं?" मी विचारलं.

"मले काय माहीत? मी तर त्याले पाह्यलंच नाई."

मी तिला पुन्हा समजावलं. एक मीटर म्हणजे शंभर सेंटीमीटर. शंभर अन् आठ, एकशे आठ. आधी सगळं एकाच एककात आणायचं, मग बेरीज करायची की वजाबाकी ते पाहायचं.

"काहून पण? मीटर बी लांबीच हाये, सेंटीमीटर बी लांबीच हाये."

"दोन डझन केळी अन् तीन केळी मिळून पाच केळी होतात का?"

"आपल्या घरी डझन येतच नाई. बाबा सहाच आणते."

एरवी मी हसले असते. पण माझं लक्ष वहीत नव्हतं. खिडकीपाशी ठेवलेल्या खुर्चीवर ती बसली होती आणि तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. गेल्या दिवाळीत टेकत नव्हते, आजही नव्हते. फरशी आणि तिच्या टाचा यांच्यातलं अंतर मी रोज बघते. ते कमी होतंय की तेवढंच आहे, हे रोज बघणाऱ्याला कळत नाही, हे मला कळतं. तरी बघते.

गजेंद्र, म्हणजे पुनूचे बाबा, मला हसतात. "मोजून मोजून घासून टाकशीन पोरीले. वाढन ना ते. माही उंचीसुद्धा दहावीनंतर वाढली."

पण वर्गाच्या फोटोत ती दोन वर्षं पहिल्या रांगेत कडेला आहे. यंदा तर तिच्या शेजारची आकांक्षासुद्धा मागच्या रांगेत गेली. म्हणून गुरुवारी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी तिला भिंतीवरच्या पट्टीला टाच लावून उभं केलं, डोक्यावरची फळी खाली सरकवली आणि कागदावर लिहिलं : ११९.६ सेमी.

"लहानखुरी आहे, पण नुसत्या उंचीवरून मी काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "वर्षात किती वाढली ते महत्त्वाचं. पाच सेंटीमीटर किंवा वर असेल तर नुसतं लक्ष ठेवू. पाचच्या आत असेल तर रक्त तपासू, हाताचा एक्स-रे काढू आणि नागपूरला दाखवू. गेल्या वर्षीचं माप आहे तुमच्याकडे?"

शाळेच्या कार्डावर तो रकाना कोरा होता.

"आहे," मी म्हणाले. "अमरावतीला आहे. माझ्या वडिलांकडे."

वडिलांकडे. तोंडातून निघून गेलं. आबांना जाऊन दहा महिने झालेत. डॉक्टरीणबाईंना काही ते माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग सोमवारी घेऊन या."

आबा, म्हणजे माझे वडील शालिकराम, अमरावतीला जवाहर गेटच्या आतल्या एका कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं होते. कापड दाखवायचं, मोजायचं, फाडायचं. निवृत्त झाले तेव्हा मालकांनी शाल आणि नारळ दिला. आबांनी शाल आईला दिली आणि मालकांकडून आपला लोखंडी मीटर मागून घेतला. तोच, ज्याच्यावरच्या सेंटीमीटरच्या खाचा त्यांच्या अंगठ्यानं गुळगुळीत झाल्या होत्या. पुनूचा जन्म कोजागिरीचा, म्हणून नाव पौर्णिमा. दर कोजागिरीला आम्ही अमरावतीला जायचो आणि आबा तिला त्या मीटरनं मोजायचे. भिंतीवर रेघ मारू द्यायचे नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर लागते म्हणायचे. खिशातल्या डायरीत लिहायचे आणि डायरी बंद.

"आईले फोन करून विचार ना," गजेंद्र म्हणाले. "तेवढ्यासाठी जातं का?"

"आईला चष्म्याशिवाय दिसत नाही अन् चष्मा तिला सापडत नाही."

ते खरं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. तेरवीनंतर मी त्या घरी एकदाच गेले होते, तेही तासाभरासाठी. आबांचं अक्षर बघायची माझी छाती झाली नव्हती. आता कारण मिळालं होतं. पोरीचं कारण असलं की मी कुठेही जाते.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी एसटीत बसलो. मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटायला लागला होता. पुनूनं खिडकीतून मैलाचा दगड वाचला, "अमरावती अडतीस," आणि बोटांवर शून्यं मोजायला लागली. अडतीस किलोमीटर म्हणजे अडतीस हजार मीटर. अडतीस हजार मीटर म्हणजे अडतीस लाख सेंटीमीटर.

"मिलीमीटरमध्ये किती होते, आई?"

"अजून एक शून्य लाव."

"बाप्पा! एवढं दूर हाय का आजीचं घर?"

आबा असताना हा रस्ता मला कधी लांब वाटला नव्हता.

आई दारातच उभी होती. "वाळली व पोट्टी," हे तिचं पहिलं वाक्य. ते ती प्रत्येक वेळी म्हणते, तरी या वेळी मी पुनूच्या दंडाकडे पाहिलं. पाणी पिऊन मी लगेच डायरी मागितली.

"अवं, बस त खरं. आली तशी वसुलीवाल्यासारखी उभी."

डायरी कपाटाच्या वरच्या खणात होती आणि लोखंडी मीटर तिच्या बाजूला आडवा ठेवलेला. मी डायरी उघडली. आबांचं अक्षर आखडतं, पेन्सिलीचं. दुधवाल्याचा नंबर, रक्तदाबाची गोळी, मग कोजागिरीची दोन पानं.

"पुनू. कोजागिरी. १ मी १२ भरतं." हे दोन वर्षांपूर्वीचं.

"पुनू. कोजागिरी. १ मी १८ भरतं." हे गेल्या वर्षीचं.

आमच्याकडे लेकराचं वजन भरतं, उंची भरते. किती भरलं, असंच विचारतात. मी वाचलं : लेकरू एक मीटर अठरा भरतं. म्हणजे एकशे अठरा. गुरुवारी एकशे एकोणीस पूर्णांक सहा.

वजाबाकी करायला कागद लागला नाही. एक पूर्णांक सहा.

त्याआधीच्या वर्षी सहा सेंटीमीटर वाढली होती पोरगी. आणि यंदा वर्षात दीड. मी पुन्हा केलं. एकक सारखं होतं, शून्य हरवलं नव्हतं. तिथीनं वर्ष दहा दिवसांनी कमी धरलं तरी काय फरक पडणार? मला नागपूर दिसायला लागलं. मोठा दवाखाना, रांग, आणि पुनूच्या बारीक दंडावर टोचलेली सुई. काय चुकलं माझं? डबा अर्धा आणते तेव्हा मी रागावले नाही, ते? जानेवारीत पंधरा दिवस ताप होता, ते? आबा गेल्यावर महिनाभर माझं घरात लक्ष नव्हतं. त्या महिन्यात ती काय जेवली, मला आठवतसुद्धा नाही.

"तोंड काहून उतरलं तुह्यं?" आईनं विचारलं.

मी सांगितलं. पाच पाहिजे होते, दीड आहेत.

आई खाली बसली. आबांच्या मीटरवरून तिनं पदर फिरवला. "हे असते त..." म्हणाली आणि थांबली.

हे असते तर काय झालं असतं ते आम्हा दोघींना माहीत होतं. ते म्हणाले असते, लेकरू हाय, कापड नाई, ताणलं म्हणून लांबत नाई. आणि मला तेवढ्यानं बरं वाटलं असतं. एवढंसं वाक्य ऐकायला मी काय दिलं नसतं!

पुनू मीटर घेऊन भिंतीपाशी उभी राहिली होती. तो तिला पेलत नव्हता. "आजी, तू मोज ना मले. आबासारखं मोज."

"ये." आई उठली. तिनं मीटर भिंतीला लावला, एक मीटरवर नख ठेवलं, मीटर वर सरकवला आणि हात पुनूच्या डोक्यावर आडवा धरला.

"असं नाई ना व आजी! बोटं राह्यले."

"कायचे बोटं?"

"आबा डोक्शावर दोन बोटं ठेवत ना." पुनूनं स्वतःची दोन बोटं जोडून आपल्याच डोक्यावर आडवी ठेवली. "मंग त्याच्यावर मोजत. अन् म्हणत, हे दोन बोटं तुह्ये."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग डायरी ओढून घेतली, डोळ्यांपासून लांब धरली. "वाच बरं काय लिवलं त्याईनं. पुरं वाच."

"एक मीटर अठरा भरतं."

"भरतं!" आईनं डायरीच माझ्या गुडघ्यावर आपटली. "अवं, भरतं माप! कापडवाल्याची पोरगी तू, अन् तुले समजलं नाई? एक राहते कट माप, एक राहते भरतं. कट म्हणजे जेवढ्याले तेवढं. भरतं म्हणजे मीटरमागं दोन बोटं वरतून. साऱ्या जिंदगीत त्याईनं कट मोजलं नाई. मालक म्हणे, शालिकराम, तुह्या बोटाईनं माह्यं दुकान खाल्लं. हे म्हणत, घरी जाऊन धुतलं का आकसते, मालक. गिऱ्हाइकाले उणं नाई पडलं पाह्यजे."

"पण पुनूला कशाला भरतं?"

"लेकराले कट मोजू नाई म्हणत. वाढ थांबते म्हणे."

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. वाढ थांबू नये म्हणून ठेवलेल्या दोन बोटांनीच माझ्या हिशेबात पोरीची वाढ थांबवली होती.

पुनूला मात्र एकदम पटलं. "म्हणजे आई, आबातून आबा वजा केले त बरोबर येते. एकशे अठरातून एकशे बारा, सहा. पण डॉक्टरमधून आबा वजा केले त चूक. एकक येगळं हाय."

बाईंचा लाल गोल तिला दोन दिवसांत जेवढा कळला, तेवढा मला एम.ए. करून कळला नव्हता.

मग प्रश्न आला तो असा : आबांची दोन बोटं म्हणजे किती?

पुनूच्या कंपासमधली पट्टी आम्ही काढली. आईनं बोटं जोडली : सत्तावीस मिलीमीटर. एक पूर्णांक सहात तेवढे मिळवले तर वाढ चार सेंटीमीटर तीन. पाचच्या आत. मी माझी जोडली : एकतीस. चार सेंटीमीटर सात. तरी आतच. पुनूनं आपली मोजली आणि स्वतःच म्हणाली, "माह्ये कायले मोजतो, माह्ये त लहानच हाये."

"त्याईचे जाड होते," आई म्हणाली. "पण किती, ते कसं सांगू? मी काय त्याईचे बोटं मोजून ठेवले व माय?"

कोणीच मोजून ठेवत नाही. आबांचा आवाज माझ्या मोबाइलमध्ये आहे, फोटो भिंतीवर आहे, चष्मा खणात आहे. पण त्यांची मधली दोन बोटं जोडून किती रुंद होती, हे जगात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला ती डोळ्यांपुढे दिसत होती. नखांच्या कडेला कापडाचे बारीक धागे, अंगठ्याला कात्रीचा घट्टा. दिसत होती, पण पट्टी लावता येत नव्हती.

मला त्यांचे फोन आठवले. मी घाईत असले, ठेवते म्हणाले, की ते म्हणायचे, "कट करून राहिली का बाई? दोन बोटं अजून बोल ना." ही त्यांची नेहमीची थट्टा. मी मग दोन वाक्यं जास्त बोलायची, दुधाचं, पुनूच्या सर्दीचं. शेवटच्या फोनला कुकरची तिसरी शिट्टी होत होती. मी म्हणाले, "आबा, ठेवते." ते म्हणाले, "हाव, ठेव." त्या दिवशी त्यांनी दोन बोटं मागितली नाहीत. का मागितली नाहीत, हे मी दहा महिने स्वतःला विचारते आहे.

"भाऊबीजेले तुले कापड देल्लं होतं ना त्याईनं?" आई एकदम म्हणाली. "पुनूच्या फ्रॉकाचं. ते शिवलं का?"

मी मान हलवली. नव्हतं शिवलं.

दिवाळीच्या गर्दीत मालक आबांना चार दिवस दुकानात बोलवायचे. तिथूनच त्यांनी ते आणलं होतं, हळदीच्या रंगाचं सुती कापड, त्यावर बारीक लाल बुट्ट्या. "दोन मीटर हाये," म्हणाले होते. मी म्हणाले होते, एवढं कशाला, तिला दीड पुरतं. संक्रांतीपर्यंत शिवू म्हणून ठेवलं आणि पौषातच आबा गेले. नंतर त्याला कात्री लावायचा धीर झाला नाही. कपाटात तसंच होतं. धुतलेलं नाही, आकसलेलं नाही.

"दोन मीटर," आई सावकाश म्हणाली. "मीटरमागं दोन बोटं. दोन मीटरले चार."

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही परत निघालो. पुनू माझ्या मांडीवर झोपली. मी देवाला सांगत होते की आबांची बोटं जाड असू देत. देवाकडे मागायची ही काय गोष्ट झाली, असंही वाटत होतं.

रविवारी सकाळी उजेड चांगला आल्यावर मी फरशी पुसली आणि कापड पसरलं. गजेंद्रनी घरातला पोलादी टेप आणला. एका टोकाला ते, एका टोकाला मी. पुनू वही-पेन्सिल घेऊन मध्ये उकिडवी बसली.

"ताणू नका," मी म्हणाले.

"नाई ताणत, बाप्पा."

"सुरकुती आहे तुमच्याकडे."

"अवं, हाताखाली हाय ते माह्या. वाच तू."

मी वाचलं. दोन मीटरच्या पुढे. मग उठून दुसऱ्या काठानं मोजलं. तेच. गजेंद्रना वाचायला लावलं. तेच.

"दोन मीटर सात सेंटीमीटर," मी म्हणाले.

पुनूनं लिहिलं : २. थांबली. जीभ बाहेर काढून तिनं एक मोठं गोल शून्य काढलं, वर्गात कोणाला दाखवायचं असावं तसं. मग ७.

"दोनशे सात. त्यातून दोन मीटर म्हणजे दोनशे गेले. सात उरले. हे चार बोटं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "सातचे दोन भाग कसे करू?"

"मिलीमीटर कर आधी."

"सत्तर. त्याचे अर्धे पस्तीस." तिनं पस्तीसखाली रेघ ओढली. "आबाचे दोन बोटं पस्तीस मिलीमीटर."

त्या सात सेंटीमीटरवर मी माझी दोन बोटं दोनदा ठेवली. माझी पुरली नाहीत. पलीकडे जरासं पिवळं उरलं. तेवढ्या उरलेल्यावर मी हात ठेवून बसले.

"पुढचं कर," गजेंद्र पुनूला म्हणाले.

"एकशे अठरा सेंटीमीटर म्हणजे अकराशे ऐंशी मिलीमीटर. त्यातून आबाचे पस्तीस गेले. अकराशे पंचेचाळीस. डॉक्टरचे एकशे एकोणीस सहा, म्हणजे अकराशे शहाण्णव." ती हातचा घेत होती, पुटपुटत होती. "एकावन्न."

एकावन्न मिलीमीटर. पाच सेंटीमीटर एक.

"एका मिलीमीटरनं पास," गजेंद्र म्हणाले आणि त्यांनी तिला उचलून आढ्यापर्यंत नेलं. "पाह्य, किती उंच झाली!"

मी हसले. पण वहीतली ती ओळ माझ्यासमोर होती : ११८० − ३५. उत्तर बरोबर यायला आबांची बोटं पुनूच्या डोक्यावरून काढून घ्यावी लागली होती. माझ्याच सांगण्यावरून, तिच्याच हातानं. एवढी वर्षं ती तिथे आहेत हेसुद्धा मला माहीत नव्हतं, आणि कळलं त्याच दिवशी ती वजा झाली.

सोमवारी डॉक्टरीणबाईंना मी वही दाखवली. त्यांनी ११८० − ३५ वर बोट ठेवलं.

"मोजणाऱ्यानं बरोबर मोजलं होतं ना?"

"नाही," मी म्हणाले. "भरतं मोजलं होतं." आणि सगळं सांगितलं.

त्या हसल्या. म्हणाल्या, कापडावरून काढलेलं हे माप काही अगदी पक्कं धरता येणार नाही, पण आधीच्या वर्षीही सहा वाढली आहे, खाते-पिते, आज सुई नको. सहा महिन्यांनी इथेच, याच पट्टीवर मोजू. "आणि ताई, रोज मोजू नका."

बरं म्हणाले.

येताना गल्लीतल्या शहाजादीकडे कापड टाकलं. पुनूची सगळी झबली-फ्रॉक तिनंच शिवलीत. "एवढं जास्तीचं हाय, कापून टाकू का?" तिनं विचारलं.

"कापू नको. खाली आत दुमडून ठेव. दोन टाके सैल घाल, उसवता आले पाहिजेत."

"बढेगी वैसे खोलेंगे," शहाजादी म्हणाली आणि पुनूच्या खांद्याला टेप लावला.

त्याच दिवशी कोजागिरी होती. दुपारी मी आबांची डायरी काढली. निघताना आईनं ती माझ्या पिशवीत घातली होती. पुनूला दाराच्या चौकटीशी उभं केलं. गुरुवारचंच माप पुन्हा घेतलं, एकशे एकोणीस सहा.

"लिहू?"

"कट नको लिहू," पुनू भिंतीला टाच लावून, हनुवटी वर न करता म्हणाली. तिला आता सगळं माहीत होतं. "बोटं ठेव."

मी माझी दोन बोटं जोडून तिच्या डोक्यावर आडवी ठेवली. तिचे केस उन्हानं गरम होते. मग आबांच्या ओळीखाली लिहिलं :

"पुनू. कोजागिरी. १ मी २२ सेमी ७ मिमी भरतं."

आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरात, "आईची दोन बोटं = ३१ मिमी."

"हे काहून लिवलं?" पुनूनं डोकं घालून वाचलं.

"असू दे," मी म्हणाले. "लागलं तर तुला शोधत बसायला नको."